बापूंच्या पडद्यावरची गाठ

पाणीगेट भागातल्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. साठीपुढचे पुरुष मुठीत रुमाल धरून बसले होते. शरीराचे तरंग ओळखून रोग बरा करतो म्हणणाऱ्या तरंगबापूंना माणूस तपासावा लागत नसे, त्याचा रुमाल पुरे. तो तांब्याच्या पाटावर ठेवला, की मोठ्या पडद्यावर पुरुषांच्या मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी उमटायची, लालभडक, सुजलेली. बापू मंतरलेलं पाणी शिंपडायचे आणि ती बघता बघता आक्रसून हिरवी व्हायची. लोक हात जोडायचे.

मागच्या रविवारी दत्ताजीरावांचीही हिरवी झाली होती. रिफायनरीतून निवृत्त झालेला हा माणूस लघवीच्या त्रासाने वैतागला होता. धड सिनेमा बघता येईना, लग्नात पंगतीला बसता येईना. रक्तात पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून येणारं प्रथिन, वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी एमआरआय सांगितला आणि त्यांनी धसकाच घेतला. गाठ निघाली तर? सुया टोचल्या तर? त्यापेक्षा बापू बरे. पण हिरवं दिसूनही त्रास होता तसाच. आजही ते दाराजवळची खुर्ची पकडून पाय हलवत बसले होते.

पुन्हा दाखवून घेऊ, असं आज त्यांच्या पत्नीने, इंदिराबाईंनीच सुचवलं होतं. नंबर येताच बाईंनी पाटावर रुमाल ठेवला. बापूंनी डोळे मिटून, आपल्याला तरंगांतून माणसाचं वय आणि चिंता दोन्ही कळतात, असं सांगितलं. पडदा लाल झाला. पाणी शिंपडल्यावर हिरवा झाला.

"गांठ ओगळी गई," गाठ विरघळली, असं बापू गुजरातीत म्हणाले.

"बापू, आ रुमाल मारो छे, माझा आहे हा," इंदिराबाई म्हणाल्या. "आणि ही ग्रंथी बायकांना नसते."

कुजबुज झाली. बापू डगमगले नाहीत. नवराबायकोचे कपडे एकाच कपाटात असतात, म्हणून पतीचे तरंग पत्नीच्या रुमालात उतरतात, असं त्यांनी समजावलं. काही माना डोलल्यासुद्धा.

दत्ताजीराव मात्र पडद्याकडे बघत होते. ग्रंथीच्या डाव्या कडेला एक पांढरा ठिपका होता. मागच्या रविवारी त्यांच्या स्वतःच्या चित्रातही तो होता, तिथेच. ते पुढे गेले आणि पाटाखालच्या टेबलावरचं भगवं कापड त्यांनी वर केलं. खाली बापूंच्या पायाशी एक बटण होतं, त्याची वायर पडद्यामागच्या कॉम्प्युटरला गेलेली. त्यांनी रुमाल उचलला आणि बटण दाबलं. पाट रिकामा, तरी ग्रंथी लाल झाली. पुन्हा दाबलं, हिरवी झाली. सगळ्यांसाठी एकच तयार चित्रफीत.

काही लोक उठले. काही बसूनच राहिले.

बाहेर आल्यावर दत्ताजीरावांनी इंदिराबाईंना विचारलं, "मला घरीच का नाही सांगितलंस?"

"ऐकलं असतंत?"

घरी जाऊन त्यांनी डॉक्टरांची एमआरआयची चिठ्ठी शोधून काढली.

एमआरआयच्या खडखडाटात ते जीव मुठीत धरून पडून राहिले. एक बारीक संशयास्पद जागा दिसली. नेमका तिथला तुकडा सुईने काढून तपासला, तेव्हा कर्करोग निघाला, पण ग्रंथीबाहेर न पसरलेला. डॉक्टर म्हणाले, लघवीचा त्रास ग्रंथी वाढल्यामुळे आहे. ही गाठ मात्र काहीच न दुखता वाढत राहिली असती. वेळेवर किरणोपचार झाले. आता अधूनमधून तपासणी असते, आणि दत्ताजीराव न कुरकुरता जातात.

ज्या यंत्राला बाई-पुरुष ओळखता येत नाही, ते रोग काय ओळखणार? या दुखण्याविषयी बोलायची पुरुषांना लाज वाटते आणि बापूंचं दुकान त्या लाजेवरच चालतं. वाटू दे लाज. लाजत लाजत का होईना, पण खऱ्या डॉक्टरकडे जा.