रांग सोडलेले ट्यूलिप

बाग.

रवींद्रने लेव्हल लावल्याशिवाय कधी खिळासुद्धा ठोकला नव्हता. ट्यूलिपचे कंदही तो दर ऑक्टोबरात दोरी ताणून लावायचा. लाल लालांत, पिवळे पिवळ्यांत. गेल्या वर्षीही लावले. नोव्हेंबरात त्याच्या मेंदूत गाठ निघाली, जानेवारीत तो गेला. त्याची बायको प्रमोदिनी लेकीकडे बर्नाबीला राहून मे महिन्यात ग्वेल्फच्या घरी परतली, ती थेट बागेसमोरच थबकली.

लाल. पिवळा. लाल लाल. एकटा जांभळा कुंपणाशी. पांढरा. पुन्हा लाल. आणि एक गुलाबी चक्क ड्राइव्हवेच्या कडेला, पाहुणा आल्यासारखा.

बाग इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती. हीच तर पंचाईत.

म्हणजे ऑक्टोबरातच यांचं डोकं चालेनासं झालं होतं? आणि मी आत निवांत पोळ्या

नर्सरी.

लाटत होते? वाक्य पुरं झालं ते इथे, पेटुनियाच्या टोपल्यांखाली. मैत्रीण सीमा तिला जवळजवळ ओढतच घेऊन आली होती. जिकडेतिकडे रंग सांडलेले. प्रमोदिनीने झेंडू उचलला, ठेवला, जांभळा पेटुनिया उचलला, ठेवला, परत झेंडू.

"अगं, शालू घेतेयस का? टाक कार्टमध्ये नि चल!"

"कुठला कुठे लावायचा तेच कळत नाही."

"मातीत लाव!"

मग प्रमोदिनीने ट्यूलिपचं सगळं सांगून टाकलं. न रडता. सीमा हसत सुटली.

"खारी गं! त्या काळ्या खारी. कंद उकरतात, भलतीकडे पुरतात नि विसरून जातात. माझा एक ट्यूलिप शेजारच्या म्हाताऱ्याच्या अंगणात उगवला. तो मलाच थँक्यू म्हणाला!"

प्रमोदिनीही हसली. कितीतरी दिवसांनी पोटातून हसली. झेंडू कार्टमध्ये गेला, जांभळा गेला, गुलाबी गेला.

"सगळेच कंद नेतात का गं?"

"डॅफोडिलला नाही हात लावत. विषारी असतो. तो लावला तिथेच उगवतो."

हसू तिथेच थांबलं. यांनी डॅफोडिलही लावले होते.

बाग, पुन्हा.

डॅफोडिलची फुलं ती यायच्या आधीच संपली होती. उरली होती नुसती पाती. प्रमोदिनी शेडपासून पातं पातं बघत निघाली. सरळ. सुतासारखी सरळ. तिचा जीव भांड्यात पडला.

आणि मग रांग वळली.

नळाला वळसा घालून, गवत ओलांडून, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येऊन तिचा पुंजका झाला होता. प्रमोदिनी आत धावली, सिंकपाशी, रोजच्या जागी उभी राहिली. पुंजका बरोबर समोर दिसत होता.

माझ्यासाठी? की वाट चुकून?

रवींद्रने रांग कधीच वळवली नव्हती. त्याने तिच्यासाठी फुलंही कधी आणली नव्हती. म्हणजे दोन्ही बाजूंनी तेवढीच शंका.

बाहेर येऊन तिने त्याची दोरी काढली. एक टोक शेडच्या खुंटीला बांधलं, दुसरं हातात धरून रांगेच्या कडेने चालत आली आणि वळणापाशी उभी राहिली.

"प्रमोदिनी!" गाडीजवळून सीमा ओरडली. "झेंडू डिकीत शिजतायत! कुठे आणू?"

"थांब जरा," ती म्हणाली. दोरी सरळ धरावी की वळवावी, तिला काही केल्या ठरवता येईना.