आठ, नऊ, दहा राहिले

मी पियानोपुढचा बाक बोलतोय. संग्रहालयात दोरीपलीकडे ठेवलाय ना, तोच. माझ्यामागच्या भिंतीवरचं चित्र पाहायला लोक तिकीट काढून येतात. त्यातली बाई माझ्यावरच बसली आहे, पण माझ्याकडे कोण बघतंय म्हणा.

पोलंडमधल्या क्राकूव शहरातल्या एका सुताराने मला अक्रोडाच्या लाकडात घडवलं. बसायची फळी उचलली की आत पेटी, गाण्यांचे कागद ठेवायला. तेओफिलाबाईंनी मला घेतलं ते त्या पेटीसाठीच. त्या गाणी रचायच्या. सकाळी माझ्यावर बसून दोन ओळी वाजवायच्या, एक खोडायच्या. अशी अठरा गाणी माझ्या पोटात साठली.

दुपारनंतर मात्र घरात वर्दळ. एक कवी यायचा, एक चित्रकार यायचा, दोघेही नावाजलेले. कवीला बाईंच्या डोळ्यांवर कविता सुचायच्या, चित्रकार सेवेरिनला त्यांची मान हवी असायची. तुझं गाणं ऐकव, असं दोघांपैकी एकानेही कधी म्हटलं नाही.

"येतात, केक हाणतात आणि तुमच्या चेहऱ्यावर मोठे होतात," घरची जुनी स्वयंपाकीण कुनेगुंडा म्हणायची. बाई नुसत्या हसायच्या. मला ते हसू आवडायचं नाही.

एकदा वॉर्साच्या प्रकाशकाचं पत्र आलं. गुरुवारी एक गायिका बाईंची गाणी त्याच्यासमोर गाणार होती. पसंत पडली तर छापणार होता. बाई तीन दिवस धड जेवल्या नाहीत.

बुधवारी निघताना त्यांनी कवीचं पुडकं घेतलं, सेवेरिनचं पत्र घेतलं. दोघांनीही वॉर्साची कामं सांगून ठेवली होती. जिना उतरल्यावर आठवलं की आपली गाणीच राहिली. तशाच धावत वर आल्या.

कुनेगुंडाने दारातच अडवलं. "परत फिरलात ना? आता आधी बसा. दहा मोजा, मगच उठा. नाहीतर प्रवास फळत नाही."

आमच्याकडे हे कुणी मोडत नाही. बाई टोपी-हातमोज्यांसकट माझ्यावर, म्हणजे स्वतःच्या गाण्यांवरच, टेकल्या आणि मोजू लागल्या. सात म्हणाल्या आणि सेवेरिन आत आला. आला होता निरोप द्यायला.

"हलू नकोस, तेओ. हेच. वर्षभर हेच शोधत होतो मी." खिशातून वही काढलीसुद्धा.

"अकराची गाडी आहे, सेवेरिन. उद्याच्या आत पोचवणारी तेवढी एकच."

"पाच मिनिटं दे. तुझी गाणी कुठं पळून जातायत? हा उजेड पळेल."

"यांचा उजेड रोजच पळतो," कुनेगुंडा पुटपुटली. "बाई, उठा. गाडी थांबायची नाही."

बाई दोनदा अर्धवट उठल्या. मला खालून ढकलता आलं असतं तर ढकललं असतं. दोन्ही वेळा त्या पुन्हा बसल्या. "एवढं होऊ दे त्याचं," म्हणाल्या. गाडी गेली.

प्रकाशकाने कळवलं, गायिका वाट पाहून गेली, आता पुन्हा तसदी घेऊ नये. बाईंनी ते पत्र घडी करून गाण्यांवर ठेवलं आणि फळी मिटली. पुढे वीस वर्षं माझ्यावर बसून त्यांनी लोकांच्या मुलींना शिकवलं. फळी काही उचलली नाही. चित्र मात्र देशोदेशी फिरून आलं. मला सेवेरिनचा राग येतो, आणि खरं सांगायचं तर बाईंचाही येतो.

त्या गेल्यावर चित्राबरोबर मलाही इथं आणलं. कारागिराने नवी मखमल ताणून चारी बाजूंनी खिळे ठोकले, आत डोकावलासुद्धा नाही. पाटीवर लिहिलंय, 'चित्रकाराची स्फूर्ती ठरलेल्या तेओफिला यांचा बाक.' गाण्यांचं अक्षरही नाही.

खाली आणखी एक ओळ आहे, 'कृपया बसू नये.' तरी कुणीतरी बसा हो. बाई सातापर्यंत आल्या होत्या. आठ, नऊ, दहा एवढं म्हणा, मग उठा आणि माझी फळी उचला.