तोंडात धरलेली पिल्लं

"ओ, धावा! यानं खाल्ली! सगळी खाल्ली!"

ठकीची किंकाळी ऐकून तिचा नवरा धाऊ परसातून पळत आला. ठकी ओटीवर भिंतीला टेकून उभी होती. नुकताच सातवा महिना सरलेला, दोन्ही हात पोटावर. समोरच्या काचेच्या बरणीत दोन मासे फिरत होते, करंगळीच्या पेराएवढे, तांबूस, अंगावर काळ्या रेघांचे.

"मादीनं अंडी टाकली नि त्या दुसऱ्यानं गपकन तोंडात घेतली. बापच ना तो?"

साल होतं १९३८. धाऊ जहाजावर खलाशी होता. मालदीवजवळ प्रवाळाच्या खडकांत धरलेली ही जोडी जहाजाच्या डॉक्टरानं त्याच्या हवाली केली होती, मुंबईच्या एका कॉलेजात पोचवायला. कॉलेज नाताळच्या सुटीत बंद निघालं, म्हणून तो बरणी आणि समुद्राच्या पाण्याचे डबे घेऊन आगगाडीनं आसनगावला उतरला आणि बैलगाडीनं शहापूरजवळच्या आपल्या पाड्यावर आला. सुटी सरली की मासे पोचवून पुन्हा जहाजावर चढायचं, असं ठरलेलं.

"खाल्ली नाय गो, सांभाळतोय," तो म्हणाला. "डॉक्टर बोलला, पिल्लं बाहेर पडंपर्यंत बाप अंडी तोंडात धरतो. तवर कायपण खात नाय."

ठकीला पटेना. ती रोज बरणीपुढं बसू लागली. धाऊ रांजणातल्या डासांच्या अळ्या टाकी. मादी तुटून पडे, नर तोंड फिरवी. त्याचे गाल टम्म फुगलेले. मधूनच तो जबडा उघडून अंडी हलवी, तेव्हा आत खसखशीसारखे दाणे दिसत.

"असला बाप मी माणसांत बी नाय बघितला," तिची सासू गुणाबाई म्हणाली.

एके दिवशी दिवेलागणीला नरानं तोंड उघडलं. फुंकर मारावी तशी पिल्लं बाहेर आली. अंगं काचेसारखी, दिसत होते ते नुसते डोळे. ठकी हसणार, तोच मादी वळली आणि एकेक पिल्लू टिपू लागली. आता हा हिला हाकलेल, म्हणून ठकी नराकडं पाहत राहिली. तो पुढं सरकला. आणि त्यानंही टिपायला सुरुवात केली.

धाऊनं वाटी बुडवून हाती लागली तेवढी पिल्लं मातीच्या परळात काढली.

"समुद्रात ती लगेच लांब वाहून जातात," तो पुटपुटला. "इथं जायला जागा कुठं व्हती?"

सकाळी परळातलं एकही पिल्लू हलत नव्हतं. ठकीनं दिवसभर घोटभर पाणी घेतलं नाही.

"इतके दिस उपाशी राहिला," ती शेवटी म्हणाली, "नि मग हे? मी कुणाचा भरवसा धरू?"

सुटी संपताच धाऊ बरणी घेऊन मुंबईला गेला. आता वर्षभर त्याचं तोंड दिसायचं नाही, असं धरून ठकी कामाला लागली. पण दोनतीन दिवसांनी तो पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन दारात उभा.

"या खेपेला जहाजावर नाय येत, असं सांगून आलो."

ठकीनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

महाशिवरात्रीच्या सुमाराला तिला मुलगी झाली. गुणाबाईनं नात धाऊच्या हातात दिली, तसा तो घामाघूम झाला.

"आये, घे गो! पडंल माझ्या हातनं."

"नाय पडत," ठकी बाजेवरून म्हणाली. पण तिची नजर त्याच्या हातांवरून हलली नाही.