दमून येणारी झोप

बायको गेल्यापासून सुताराला झोप नव्हती. डोळा लागतोय म्हणेपर्यंत उघडायचा. गेल्या आठवड्यात करवतीच्या यंत्रावर फळी कापताना त्याला डुलकी लागली आणि बोट थोडक्यात वाचलं. मालकाने बटण बंद केलं. "धड झोप लागल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही," तो म्हणाला. सुतार घाबरला. काम गेलं की दिवसाही ते रिकामं घरच उरणार होतं.

उपाय साडूने काढला. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला; त्याच्या तोंडाचं इंजिन मात्र चालूच असायचं.

"गोळ्याबिळ्या राहू दे. डोंगर चढू. अंग मोडलं की झोप आपणहून येईल. नाही आली तर मिशी उतरवीन."

"तुम्हाला मिशी कुठे आहे, भाऊ?"

"वाढवीन आणि उतरवीन."

उजाडता उजाडता ते पायथ्याला पोचले. झाडी संपली आणि वाट भिंतीसारखी उभी राहिली. बारीक खडी बुटाखालून निसटत होती. एक पाऊल वर, अर्धं खाली.

"अरे, पहिल्या गियरवर ये," साडू मागून धापा टाकत ओरडला. "मागचे प्रवासी उलट्या करतील."

सुतार दर वळणावर थांबत होता.

"दम लागला?"

"नाही."

खरंच लागला नव्हता. लग्न झाल्यापासून तो पुढे आणि ती मागे, असंच ते चालत आले होते. बाजारात काय, दवाखान्यात काय. कोपऱ्यावर तो थांबायचा. ती यायची, "झाली का विश्रांती?" म्हणायची आणि न थांबता पुढे जायची. आता पाय आपोआप थांबत होते. साडूला हे सांगून काय उपयोग?

शेवटची चढण हातापायांवर चढावी लागली. कातळात ठोकलेल्या साखळीने तळवे सोलले, पोटऱ्यांत गोळे आले. अर्ध्यात त्याला उलटी झाली. तोंड पुसून तो पुन्हा चढू लागला. अंगात काही शिल्लकच ठेवायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

माथ्यावर सपाट खडक होता. सुतार आडवा झाला, टोपी तोंडावर ओढली आणि झोपला.

जाग आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. अंग हलकं, डोकं शांत. किती दिवसांनी! टोपी बाजूला करत तो म्हणाला, "अगं, किती वेळ झोपू दिलंस?"

साडू काहीतरी गंमत करायला तोंड उघडून बसला होता. ते तसंच राहिलं.

साडूचा चेहरा बघून सुताराला कळलं. आठवलं नाही, नव्याने कळलं. दवाखान्यात ती रोज थोडीथोडी जाताना दिसत तरी होती, मन तयार होत होतं. इथे ते एकदम अंगावर आलं. तो उठून बसला आणि कितीतरी वेळ गुडघ्यात डोकं घालून राहिला.

 उतरताना खडीवर तो बसूनच घसरत खाली आला. एका ठिकाणी साडूने हात दिला.

"झोप लागली, हे बरंच झालं ना रे?"

"जागा असतो तेव्हा ती गेलेली असते, भाऊ. झोपून उठलो की ती पुन्हा नव्याने जाते."



गाडीत बसल्यावर सुताराने काच पूर्ण खाली केली. वारा तोंडावर घेतला, सोललेला तळवा मुद्दाम दाराच्या कडेवर दाबून धरला.

"बोलत राहा. मला झोपू देऊ नका."

"आणि काम? मालकाला काय सांगशील?"

सुताराने तळवा आणखी जोरात दाबला. साडूने घसा खाकरून एका प्रवाशाची गोष्ट सुरू केली. तो सुटे पैसे मागायचा, पण... पण पुढे काय झालं ते त्यालाच आठवेना. त्याने दुसरी सुरू केली. शेजारी सुताराची मान पडत होती. तो दचकून ती सावरत होता आणि ती पुन्हा पडत होती.