पद्मवीराची माय कोण?

आमच्या रीनाले एक देवी लागली आहे. अंगात येणारी नाई, मोबाईलवरची. पद्मवीरा तिचं नाव. चित्रांच्या गोष्टीतली बाई आहे, एका हातानं तलावाची पाळ थोपवून धरते. टुरी दहावीत आहे, पण भूगोलापेक्षा पद्मवीराच जास्त पाठ.

त्या दिवशी सांजच्याले मी ओसरीत नवे तांदूळ पाखडून राहिली होती. दुसऱ्या दिवशी आमच्याकडं नवं होतं. नव्या तांदळाचा पहिला भात, देवाले निवद, मंग माणसांची पंगत. रीना अन् शेजारची उर्वशी माझ्या पुढ्यातच भांडून राहिल्या होत्या. उर्वशी भंडाऱ्याले कॉलेजात जाते, तोंडाची मोठी फटाकडी.

"काय झालं व?" मी म्हटलं.

"काकू, पद्मवीराची गोष्ट बदलवली," उर्वशी म्हणे. "पयले कसं होतं, तलावाच्या देवीनं लेकरू कमळाच्या पानावर सोडलं अन् मासे धरणाऱ्या ढिवराच्या बाईनं वाढवलं. तिच्या हातची पेज पिऊन पिऊन पोरीच्या अंगात ताकद आली. आता लिहिणारा म्हणते, ताकद जन्माचीच, देवीच्या रक्ताची. ढिवरीन बिचारी एका चित्रात आटोपली. वाचणारे सारे खवळले. ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या."

"अन् आमची रीना कोणत्या पार्टीत?"

"नव्या," रीना म्हणे. "देवी तिची माय आहेच ना. थे काहून लपवावं?"

सूप माझ्या हातात तसंच राहिलं.

रीना माझ्या पोटची नाई. साऱ्या आंधळगावाले ठाऊक आहे, तिलेही. माझा दीर चिखल्याच्या खाणीत कामाले. त्याची बायको रुपा, तिले तिसरी पोरगी झाली अन् माझी कूस रिकामी. सव्वा महिन्याची रीना रुपानं आपल्या हातानं माझ्या पदरात घातली. याच हप्त्यात तिचा फोन आला होता. "बाई, दिवाळीले रीनाले आठ दिवस इकडं पाठवता का?" मी 'पाहू' म्हणून फोन ठेवला, अन् तेव्हापासून घास गोड लागून नाही राहिला. टुरी तिकडंच रमली तं? परत आली, पण मन तिकडं ठेवून आली तं?

अन् आता ही माझ्यासमोर बसून रक्ताची बाजू घेऊन राहिली.

"तुमच्या त्या लिहिणाऱ्याले सांगा," मी भडकलीच. "पेज काय आभाळातून पडते? लेकराले ताप आला, दात आले, तं रातभर कोण जागते? देवी? सोडून जाणं सोपं आहे. म्हणे रक्त. रक्तानं पोट भरते का?"

उर्वशीनं टाळ्या वाजवल्या. रीना माझ्याकडं वळली.

"आयी, तू कोणावर रागावली? देवीवर का चिखल्याच्या काकूवर?"

मी तांदळातले खडे पाहाले लागली. जिभेनं खोटं बोलता येते, पण या टुरीले माझं तोंड वाचता येते.

थे सरकून माझ्याजवळ आली. "उद्या पहिलं पान कोणाचं?"

"बांधाशेजारच्या गिरजाबाईचं. तुले ठाऊक नाई का? यंदा आपले परहे पाण्यात सडले. तिच्या बांधीतली परह्याची रोपं आणली तवा आपली रोवणी झाली. ज्याचे परहे, त्याले नव्याचं पहिलं पान. आपल्या घरची रीत आहे."

"मंग धान गिरजाबाईचं झालं?"

"वा व. रोवलं आपण, निंदलं आपण, पाण्यासाठी भांडलो आपण. धान आपलं."

"अन् गिरजाबाई जेवून खाऊन धान मागते का?"

"थे कायले मागन?"

"तं मंग," रीना म्हणे, अन् मोबाईलवर टकटक कराले लागली. लिहून झालं तसं तिनं मोठ्यानं वाचलं. "ढिवरीन एका चित्रात आटोपली, थे चूक आहे. तिले सारी गोष्ट द्या. पण देवीले खोडू नका. तिले नव्याच्या जेवणाले बोलवा."

"हे तं तिसरीच पार्टी झाली," उर्वशी म्हणे.

माझे डोळे भरून आले. सूप खाली ठेवलं, फोन मागतला अन् रुपाले लावला.

"हो, बाई?" रुपाचा आवाज भीतभीतच होता.

"उद्या आमच्याकडं नवं आहे. सकाळच्या गाडीनं ये. पहिलं पान तुझं आहे."

"माझं? काहून?"

"परहे तुझे आहेत," मी म्हटलं.

 पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. माझंही नाक काही कोरडं नव्हतं. गिरजाबाई उद्या फुगन, तं फुगो.

"अन् बाई, दिवाळीचं?"

"घेऊन जा. आठ दिवस म्हटलं तं आठच. नवव्या दिवशी सकाळी मी तुझ्या दारात उभी राहीन, सांगून ठेवतो."

फोन ठेवला तं रीना माझ्या मांडीवर डोकं टाकून पडली होती. मोठी झाली टुरी, पाय ओसरीच्या बाहेर जातात.

"नवव्या दिवशी कायले?" थे म्हणे. "आठव्यालेच ये."