कालिंदीचं ऑपरेशन आणि माईंची मशेरी

ऑपरेशनातून कालिंदीला काय मिळणार होतं, त्याचा हिशेब तिच्या सासूनं, म्हणजे माईंनी, मनाशी केव्हाच मांडला होता. ताठ पाठ. बॉडीसच्या पट्ट्यांनी खांद्यांवर पाडलेल्या खोल चरांपासून सुटका. कलकत्त्याच्या घामट उन्हाळ्यात जड स्तनांखाली उठणारं, पावडरीच्या डब्यांनाही न जुमानणारं पुरळ गेलं असतं. शिवाय महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला दोन्ही खांद्यांवरून पदर ओढून कोपरा धरण्याऐवजी बायकांच्या मधोमध बसता आलं असतं. ही शेवटची बाब सून कधी बोलली नव्हती. पण माणसं जे बोलत नाहीत तेच माई आधी टिपत.

आणि माईंना काय मिळणार होतं? काहीच नाही. म्हणून त्यांचा विरोध होता.

"देवानं दिलेलं कापून टाकायचं?"

"तुमच्या डोळ्यातला मोतीबिंदूही देवानंच दिला होता, माई. काढलातच ना?" कालिंदी म्हणाली.

चोख बोलणारं माणूस त्यांना आवडे, विरुद्ध पक्षातलं असलं तरी.

डॉ. लाहिडी लढाईत भाजलेल्या शिपायांचे चेहरे दुरुस्त करून हात बसलेले सर्जन होते. स्तन लहान करण्याची अशी शस्त्रक्रिया करणारा दुसरा कोणी श्यामरावांच्या, म्हणजे कालिंदीच्या नवऱ्याच्या, ऐकिवात नव्हता. श्यामराव कस्टम्सचे अधिकारी. दिल्लीच्या बदलीचा हुकूम हातात पडलेला. व्हायचं ते जाण्यापूर्वी व्हायला हवं होतं.

"कापणं अवघड नाही," डॉक्टर हिंदीत म्हणाले. "जखम भरणं अवघड. कातडीला रक्त पोचलं नाही तर कडा काळ्या पडतात. कधी स्तनाग्रही हातचं जातं."

मग त्यांनी एकेक विचारलं. लघवीत साखर? नव्हती. वजन? ते उतरवा, चरबी जास्त तितकी जखम चिघळण्याची भीती जास्त. कालिंदीनं त्या दिवसापासून संदेशची मिठाई आणि तळलेली लुची सोडली. सोडली म्हणजे सोडली. समोर ताट आलं तरी नजर हलायची नाही.

"सिगारेट? जर्दा? पानातला दोख्ता? तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, त्यात मी कोणाला सूट देत नाही."

"छे हो! आमच्यात तसलं कोणी खात नाही," कालिंदी म्हणाली. शेजारी बसलेल्या माईंनीही मान डोलावली.

दोघींपैकी कोणीही खोटं बोललं नव्हतं. मशेरी खायची वस्तू नव्हे, ती दात घासायची. कराडहून आलेला तंबाखू तव्यावर काळा होईतो भाजायचा, कुटायचा, डबीत भरायचा; आणि सकाळी बालीगंजच्या फ्लॅटच्या मागच्या गॅलरीत सासू-सुनेनं उकिडवं बसून तर्जनीनं दातांवर फिरवत घरादाराची उणीदुणी काढायची. श्यामराव तेवढा वेळ वर्तमानपत्र घेऊन पुढच्या खोलीत बसत. त्यांच्या लेखी ते बायकांचं मंजन होतं.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी सूनबाई हॉस्पिटलात भरती झाल्या. माई सोबतीला. आदल्या सकाळी उठल्याबरोबर माईंनी मशेरीची नेहमीची चिमूट घेतली, आणि रिकाम्या पोटी की काय, झटका जोरात बसला. कानशिलं तापली, डोकं गरगरलं. भिंत धरली तर बोटं गार. माईंनी ती गार बोटं गालाला लावली आणि डॉक्टरांचा शब्द आठवला. रक्तवाहिन्या आवळतात.

पलंगावर कालिंदीही डबी उघडत होती.

"ठेव ती. अगं, हासुद्धा तंबाखूच की! डॉक्टरांना सांग."

कालिंदीनं वर पाहिलं. "सांगितलं तर ते उद्या हात लावायचे नाहीत. मग बदली. मग कायमचंच राहिलं. तुम्हाला हवं होतं तेच ना, माई?"

"हवं होतं," माई म्हणाल्या. "म्हणूनच मी सांगणार नाही, मुद्दाम मोडता घातला असं व्हायचं. तू सांग, नाहीतर गप्प बस."

डॉक्टर फेरीवर आले, बरोबर श्यामराव. कालिंदी उठून बसली आणि डबी सरळ डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली. "हे आम्ही रोज दातांना लावतो. तुम्ही खाण्याचं विचारलंत, मी लावण्याचं सांगितलं नाही."

डॉक्टरांनी डबी हुंगली आणि दणदणीत शिंकले. मग हसले. "काही आठवडे पुढे. हे पूर्ण बंद करून या."

"अहो पण माझी बदली!" श्यामराव.

"तुम्ही व्हा पुढे. मी खांदे नीट करून येते."

बाईची छाती खरी मोठी ती ही, माईंनी मनात नोंद केली. इतक्या वर्षांत सुनेच्या नावावर इतकं मोठं जमा त्यांनी कधी धरलं नव्हतं.

पुढचे दिवस मात्र वाईट गेले. कालिंदीचं डोकं चढायचं, पोट साफ व्हायचं नाही, कपबशा आपटल्या जायच्या. माई आपली मशेरी न्हाणीघरात कडी लावून उरकत. एकदा दार उघडलं तर बाहेर सून उभी. वास घेत होती. ओठ मिटून परत फिरली. त्याच संध्याकाळी माई फिरायला म्हणून ढाकुरिया लेकवर गेल्या आणि डबी पाण्यात भिरकावून आल्या.

ऑपरेशन झालं. पट्ट्या सुटताना माईंनीच आधी वाकून पाहिलं. कडा गुलाबी होत्या. फक्त खाली, जिथे उभी नि आडवी शिवण मिळते, तिथे एक टाका उसवला होता. तिथे ताण पडतो, असं होतंच, डॉक्टर म्हणाले. ड्रेसिंग करता करता तेही भरलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कालिंदी मधोमध बसली, एका खांद्यावर पदर घेऊन. माई कोपऱ्यातून बघत होत्या आणि हिशेब मिटवत होत्या. मिळालं ते सगळं कालिंदीला; त्यासाठी तिनं वेदना सोसल्या आणि संदेश सोडले. श्यामराव दिल्लीत मेसची डाळ गिळत होते. आणि जिला यातून काहीच मिळायचं नव्हतं, त्या म्हातारीनं किंमत म्हणून मोजली होती आयुष्यभराची मशेरी, कोणी मागितली नसताना.