उतारावर वारा

ड्रेयत्स माझा धाकटा चुलतभाऊ, आणि मी त्याचा प्रशिक्षक. आमच्या प्लानित्साच्या थोरल्या उतारावर स्की-उड्डाणाची, म्हणजे स्कीवर बर्फाच्या उतारावरून सुटून हवेत लांब झेप घेण्याची, जागतिक स्पर्धा भरली तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी संघातून त्याचं नाव जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी तो अकरावा आला. दुसऱ्या दिवशी तामारच्या खोऱ्यातून वारा सुटला. पंचांनी लोकांना दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं आणि मग कशीबशी फेरी सुरू केली. उडणाऱ्याला एक मिनिट मिळायचं. तेवढ्यात प्रशिक्षकाने झेंडा खाली केला तर सुटायचं, नाहीतर पाळी गेली.

ड्रेयत्स वर उभा राहिला. मी झेंडा वर धरून उताराच्या कडेला होतो; तिथे वारा पडला होता, पण खाली झाडांचे शेंडे झुलत होते. अशाच वाऱ्यात आमच्या गावचा ल्युदविक हवेत उलटा झालेला मी पाहिला होता. तो पुन्हा चालला नाही. माझा हात खाली येईना. मिनिट संपलं.

त्याच्यामागून एक नॉर्वेचा गडी सुटला, दिवसातलं सगळ्यात लांबचं उड्डाण करून अलगद टेकला. लोकांनी टोप्या उडवल्या. लगेच वावटळ उठली आणि पंचांनी अख्खी फेरी रद्द केली. तिसऱ्या दिवशी पाऊस. पहिल्या दिवसाचाच निकाल कायम झाला.

फेरी रद्द झाली त्या दुपारी ड्रेयत्स स्की खांद्यावर टाकून पायऱ्यांनी खाली आला तेव्हा मी त्याची समजूत घालू लागलो. म्हटलं, "उडाला असतास तरी काय? त्या नॉर्वेवाल्याचंही धरलं नाही."

"धरलं नसतं तर नसतं," तो म्हणाला. "मला उडायचं होतं, यर्नेय."

"आणि पडला असतास तर?"

"तर पडलो असतो. ते माझं होतं. तू का घेतलंस?"



वसंतात पुढच्या वर्षीच्या संघातून त्याचं नाव कमी झालं. तो येसेनित्सेच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर लागला. सणावारी भेटतो, गवताच्या कापणीचं बोलतो, माझ्या बायकोची विचारपूस करतो. माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. मी प्रशिक्षण सोडलं. त्या मिनिटात वारा खरंच वाईट होता की मीच भ्यालो, हे मला आजही सांगता येत नाही.